एकशे चौदा सभासदांची दाबचाचणी

पंपाच्या कारखान्यातील तपासणी विभागात माझी एकतीस वर्षे गेली. तिथे एकच नियम होता. पंपाचे कवच दिसायला कितीही देखणे असो, ते पाण्याने भरायचे, नेहमीच्या दीडपट दाबावर न्यायचे आणि दहा मिनिटे काट्यावरून नजर हलवायची नाही. काटा तसूभर घसरला की कवच परत. रंग उत्तम आहे, पाटी पितळेची आहे, असल्या सबबी कोणी ऐकून घेत नसे. याला आम्ही दाबचाचणी म्हणत असू. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे, की आमच्या इमारतीच्या ग्रुपची चाचणी मी मुद्दाम घेतली, असा आरोप पुढे माझ्यावर झाला. तो निराधार आहे. मुद्दाम घेतली ती शिडीची चाचणी. दुसरी आपोआप झाली.

आमच्या मुलीचे दुसरे बाळंतपण जवळ आले होते आणि तिच्या आईने तीन महिने तिकडे जावे असे ठरले. मुलीचे घर दोन खोल्यांचे. एका खोलीत तिच्या सासूबाई, दुसरीत उरलेले सर्व. मी गेलो असतो तर त्या उरलेल्यांत घडीच्या खाटेवर, टीव्हीच्या बरोबर खाली माझी स्थापना झाली असती. मी नम्रपणे नकार दिला. त्यावर मुलीचा फोन आला.

"बाबा, दोन महिन्यांपूर्वी बँकेच्या रांगेत तुम्हाला चक्कर आली होती. घरात एकटे असताना आली तर कळणार कुणाला?"

"ग्रुप आहे ना," मी म्हणालो. "एकशे चौदा सभासद आहेत. मी स्वतः ॲडमिन आहे."

"ते सभासद नाहीत, बाबा. ती सकाळी एकमेकांना फुलं पाठवणारी माणसं आहेत."

"फुलांना कलम सहाने बंदी आहे."

"म्हणजे आता फुलंसुद्धा नाहीत! बरं, आठवडाभर बघू. एकदा जरी तुम्हाला काही झालं आणि कुणी धावून आलं नाही, तर हे गाडी घेऊन येतील आणि तुम्हाला उचलून आणतील. खाट काढूनच ठेवते."

'उचलून' हा शब्द जावयांच्या संदर्भात शब्दशः घ्यावा लागतो. ते व्यायामशाळेत जातात.

खरे सांगायचे तर भीती खाटेची कमी आणि चक्कर येण्याची अधिक होती. बँकेत मी पडलो तेव्हा मागच्या माणसाने मला धरले होते. आपल्या मागे कोणी उभे आहे, हे गृहीत धरून माणूस आयुष्यभर रांगेत उभा राहतो. घरात रांग नसते. मुलीसमोर मी ग्रुपची बाजू लढवली खरी, पण फोन ठेवल्यावर मनात आले, की या कवचात पाणी भरून कोणी पाहिले आहे?

ग्रुपची घटना मी स्वतः लिहिली होती. एकूण कलमे सतरा. फुले, सुविचार, सूर्योदय यांना बंदी. मजकूर अधिकृत, शुद्ध आणि चाळीस शब्दांच्या आत. कलम नऊ विशेष महत्त्वाचे होते: कौटुंबिक व खाजगी बाबी ग्रुपवर टाकू नयेत. वर्षभरात ग्रुप इतका शिस्तीत आला, की आठ-आठ दिवस कोणी अवाक्षर काढत नसे. मला त्याचा अभिमान होता. अपवाद एकच, आमच्या डोक्यावर राहणारे गृहस्थ. इमारतीत त्यांना सगळे 'वरचे' म्हणतात. त्यांच्या मोरीचे पाणी दोन वर्षे आमच्या स्वयंपाकघराच्या छतात झिरपत होते आणि ते दोन वर्षे म्हणत होते, "ते पाणी आमचं नाही." ते ग्रुपवर विनोद टाकत. मी त्यांना तीन लेखी समज दिल्या होत्या. काही होणे न होणे वरच्यांच्या इच्छेवर असते, असे लोक म्हणतात. आमच्या छताबाबत ते शब्दशः खरे होते.

प्राथमिक चाचणी म्हणून मी ग्रुपवर लिहिले: "दिवा बदलण्यासाठी सहा फुटी शिडी हवी आहे." तासाभरात अकरा अंगठे आले. चार जणांनी हात जोडले. एकाने विचारले, "शिडी विकायची आहे का?" वरच्यांनी लिहिले, "उंची वाढवा." शिडी आली नाही. मी वहीत नोंद केली: काटा शून्यावर.

सौ. जाण्याच्या दिवशी आम्ही पहाटे उठलो. टॅक्सी खाली उभी होती. तिचे गुडघे दुखतात आणि लिफ्ट सहा वाजेपर्यंत बंद असते, म्हणून जिन्याने सावकाश उतरलो. पाच चाळीसला तिने मागे वळून पाहिले आणि म्हणाली, "दूध उतू घालवू नका." चाळीस वर्षांच्या सहजीवनानंतर निरोपाचे वाक्य म्हणून ते मला थोडे तोकडे वाटले; पण तिच्या दृष्टीने ते सर्वंकष होते.

वर येऊन दार लावले आणि घर एकदम मोठे झाले. फ्रिजचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तो मधूनच बंद होई, आणि बंद झाला की माझ्या छातीचे ठोके ऐकू येत. ते मी मोजले. मोजल्यावर वाढले. वाढले म्हणून पुन्हा मोजले. साडेसातपर्यंत मी स्वतःला पुरेसे घाबरवून घेतले होते. मुलीने बजावले होते, "ग्रुपवर सांगून ठेवा, आई गेली आहे आणि तुम्ही एकटे आहात." मी मसुदा करायला बसलो. पहिला त्रेपन्न शब्दांचा झाला. त्यातून 'मुलीकडे', 'बाळंतपणासाठी' आणि 'तीन महिने' हे शब्द कलम नऊचा भंग करीत होते, म्हणून काढले. जो नियम आपण लोकांना लावतो तो आपल्याला प्रथम लागू होतो, या तत्त्वाने मी आयुष्यात बरेच नुकसान करून घेतले आहे. पण असे कधी नव्हते. अंतिम मजकूर असा:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आमच्या सौ. आज पहाटे ५.४० वाजता गेल्या. यापुढे मी घरात एकटाच आहे. तरी सर्वांनी लक्ष असू द्यावे, ही विनंती."

चार मिनिटे काहीच नाही. मग एक जोडलेले हात आले. मग दोन. मग आठवड्यात जेवढे मेसेज येत नाहीत तेवढे एका मिनिटात आले. "विश्वास बसत नाही." "कालच जिन्यात हसून बोलल्या हो." "इमारतीचा आधार गेला." कोणी मोजून सहा फुले टाकली. मला आश्चर्य वाटले. पण त्याहून अधिक गहिवरून आले. तीन महिन्यांच्या प्रवासाचे लोकांना इतके वाटावे! फुलांकडे मी अपवाद म्हणून दुर्लक्ष केले आणि उत्तर लिहिले: "सर्वांचा आभारी आहे. तयारी पंधरा दिवसांपासून चालू होती, त्यामुळे आयत्या वेळी धावपळ झाली नाही."

मग दाराची घंटा वाजली.

पहिल्या आल्या तळमजल्यावरच्या शाळेच्या बाई. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, तरी त्या खोलीत शिरल्या की मी सरळ बसतो. आज त्याच भिंतीला धरून उभ्या होत्या.

"त्रास झाला का हो त्यांना फार?" त्यांनी विचारले.

"जिन्यात थोडा झाला. पुढे काही नाही."

"जिन्यात! आणि शेवटचं काही बोलल्या?"

"दूध उतू घालवू नका म्हणाली."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "जाता जातासुद्धा संसार! मुलीला कळवलंत?"

"तिला महिन्यापूर्वीच माहीत होतं. डॉक्टरांनी तारीखच दिली होती."

"तारीख? अहो, आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कलम नऊ," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तशी नजर मी फक्त फुटलेल्या कवचाकडे पाहणाऱ्या मुख्य निरीक्षकांची पाहिली आहे. त्यात दया होती आणि थोडा धसकाही.

तोवर दुसऱ्या मजल्यावरचे विमेवाले आले. हे एरवी भेटले की माझ्या आयुर्मानाचा विषय काढतात. आज माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "काका, कागदांची घाई नाही. तुम्ही फक्त धीर धरा." प्रवासाला कोणते कागद लागतात ते मला कळेना, पण मी मान हलवली. मग माणसे येतच राहिली. खुर्च्या आल्या. कोणी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि कप रिकामा होईपर्यंत समोरून हलले नाही. दारातून पाहतो तो दोघे जण टेप घेऊन लिफ्टची आतली लांबी मोजत होते आणि तिसरा हळू आवाजात म्हणत होता, "तिरकं केलं तरी बसणार नाही." इमारतीत कोणीतरी अखेर मोजमाप करू लागले, याचे मला समाधान वाटले.

मी मनातल्या मनात नोंद करीत होतो. वीस मिनिटांत एकतीस माणसे. काटा दीडपट दाबावर स्थिर. आता मुलीला सांगेन, घडी घाल तुझ्या खाटेची! भीती पार ओसरली होती. त्या वीस मिनिटांइतके सुरक्षित मला पुढेही कधी वाटले नाही.

मग गर्दी बाजूला झाली आणि वरचे आत आले. ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र. दोन वर्षांत त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. "काका, झालं गेलं विसरा," ते म्हणाले. "आता फक्त एवढं सांगा, काकूंना ठेवलंय कुठे?"

"पाच नंबरच्या सीटवर," मी म्हणालो. "खिडकीजवळची मिळाली."

कारखान्यात एकदा पूर्ण दाबावर एक कवच तडकले होते. त्याआधी क्षणभर आवाज येतच नाही. तसेच झाले.

"कसली सीट?" विमेवाल्यांनी विचारले.

"बसची. मुलीकडे जायची." मी सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहिले, मग खुर्च्यांकडे, मग लिफ्टजवळच्या टेपकडे. तेव्हा कुठे 'गेल्या' हा शब्द माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. "म्हणजे... ती जिवंत आहे. पूर्णपणे. बाळंतपणासाठी गेली आहे."

"बाळंतपण?" मागून कोणी तरी म्हणाले. "या वयात?"

"मुलीचं!"

शाळेच्या बाई खाली बसल्या. मला वाटले रडत आहेत. त्या हसत होत्या. पण तो हसण्याचा प्रकार मला सुरक्षित वाटला नाही. वरच्यांना हसू आले नाही. त्यांनी ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात कोंबले.

"मी साहेबांना खोटं सांगून आलोय, माहीत आहे?"

"काय सांगितलंत?"

"काकू गेल्या म्हणून."

"मग तांत्रिकदृष्ट्या ते खोटं ठरत नाही," मी म्हणालो.

हे बोलायला नको होते. खुर्च्या ज्या वेगाने आल्या त्याच्या दुप्पट वेगाने गेल्या. मी तातडीने शुद्धिपत्रक काढले: "आजच्या निवेदनात 'गेल्या' या शब्दाऐवजी 'प्रवासास गेल्या' असे वाचावे." त्यावर एकच प्रश्न आला: "शेवटच्या?"

संध्याकाळी सौ.चा फोन आला. प्रवासात ती मोबाइल बंद ठेवते. मुलीकडे पोहोचून उघडला आणि स्वतःच्या मृत्यूचे एकशे सत्तावन्न मेसेज तिला एकदम मिळाले.

"अहो, काय सुंदर लिहिलंय सगळ्यांनी!" ती म्हणाली. रागावेल या भीतीने मी उभा राहून फोन घेतला होता. पण ती चक्क खुशीत होती. "त्या बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आठवडाभर थेंब घालत होते, ते त्यांनी लिहिलंय. विमेवाल्यांच्या घराची किल्ली कायम माझ्याकडे असते, तेही. आणि वरचे म्हणतात, त्यांच्या आईशी रोज दुपारी बोलणारी मी एकटीच."

"वरच्यांकडे तू रोज जात होतीस?"

"मग? पाणी झिरपतं ते छतातून. माणसांनी का भांडायचं?" मग म्हणाली, "पण अहो, हे सगळं माझ्याबद्दल आहे. तुम्ही गेलात तर काय लिहितील?"

तिने ते थट्टेत विचारले होते. मला मात्र उत्तर लगेच सुचले: "ॲडमिन गेले. नवीन ॲडमिन नेमावा." जेमतेम पाच शब्द. कलमाच्या आत.

आता परिस्थिती अशी होती. माणसे आली होती, पण ती तिच्यासाठी. आणि ज्या माणसाने एकदा धोक्याची घंटा उगाच वाजवली, त्याची दुसरी घंटा कोणी ऐकत नाही, हे तर कारखान्याच्या फाटकावरच लिहिलेले होते. मी एका सकाळीत चाचणीही घेतली होती आणि कवचही फोडले होते.

चौथ्या दिवशी दुपारी ओट्याशी उभा असताना जमीन हळूच एका बाजूला कलली. मी ओट्याची कड धरून खाली बसलो. चक्कर होती; मोठी नव्हती, पण खरी होती. छतावरचा ओलीचा डाग गरगर फिरत होता. खिशातून मोबाइल काढून लिहिले, "चक्कर येत आहे." शुद्धलेखन तपासले नाही, यावरून प्रसंगाचे गांभीर्य ध्यानात यावे. एक हसरा चेहरा आला. मग विमेवाल्यांचा मेसेज आला, "काका, या वेळी 'येत आहे' कुठून?" आणि त्यावर अकरा अंगठे.

मी फरशीवर बसून राहिलो. मला रडू आले नाही. त्यासाठीसुद्धा समोर कोणी लागते. दहा मिनिटांनी जमीन जागेवर आली. मी उठलो, तोंड धुतले, आणि मुलीचा फोन आला तेव्हा "उत्तम चाललंय" असे सांगितले. माझा आवाज बहुधा पुरेसा उत्तम नसावा, कारण ती म्हणाली, "बरं," आणि लगेच फोन ठेवला.

अर्ध्या तासात शाळेच्या बाई दारात. हातात साखरेचा डबा.

"साखर आहे का हो तुमच्याकडे?"

"तुमच्या हातात काय आहे?"

बाईंनी डब्याकडे पाहिले. "ही आमची," त्या म्हणाल्या, माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितले, आणि साखर न घेता गेल्या. पाच वाजता विमेवाले आले. "आजचा पेपर आला का?" काखेत आजचा पेपर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वरचे आले.

"काका, तुमच्या छतातून गळतंय का?"

"दोन वर्षं गळतंय!"

"असं होय," ते म्हणाले, आत येऊन छत सोडून माझ्याकडे बघत उभे राहिले. "पाणी आमचंच असेल. जेवता ना वेळेवर?"

मी घाबरलो. एका दिवसात पाच माणसे पाच निरर्थक कारणांनी येतात, तेव्हा त्यामागे योजना असते. वहीत वेळा मांडून पाहिल्या: सात, दहा, एक, पाच, आठ. अंतरे जवळपास सारखी. कारखान्यात अशा पाळ्या यंत्रावर नजर ठेवायला लावत, किंवा कोणाला कामावरून काढायचे असले की त्याच्यावर. मला ॲडमिनपदावरून काढण्याचा कट शिजतो आहे, असा निष्कर्ष मी काढला. सौ.ला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "असेल बाई," आणि मागे मुलगी हसल्याचा आवाज आला. घरचे फितूर झाल्याची खात्री पटून मी दाराला वरची कडीही लावू लागलो.

सातव्या दिवशी अंघोळीला जरा उशीर झाला. नळ मोठा सोडला होता. डोक्याला, तोंडाला साबण लावून नळ बंद केला तेव्हा बाहेरच्या दाराशी आवाज ऐकू आले.

"चौथ्यांदा वाजवली," शाळेच्या बाई म्हणत होत्या. "सात वाजून वीस झाले."

"पेपर बाहेरच पडलाय," विमेवाले म्हणाले. "आणि मोबाइल आत वाजतोय, ऐका."

"काकूंनी दिलेल्या किल्लीनं उघडत नाही. वरून कडी आहे." हे वरचे. "बाजूला व्हा सगळे. खांदा लावतो."

दाराला पहिला धक्का बसला. साबणाने डोळे मिटलेले, टॉवेल सापडेना. कोणी येणार नाही या भीतीने मी आठवडा काढला होता. आणि आता सगळे एकदम आत येतील आणि मी असा सापडेन, ही भीती.

"आहे!" मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो. "मी आहे! अंघोळ करतोय! दार तोडू नका!"

धक्के थांबले.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारले.

"आहेत म्हणतायत."

"कुठल्या अर्थानं?" वरचे म्हणाले. "यांच्या एका शब्दावर जाऊ नका. काका, आणखी दोन-चार शब्द बोला!"

"निर्लज्ज माणसा, मी उघडा आहे इथे!"

"आहेत," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम पातळ झाला. "आहेत हो. टाका ग्रुपवर. मुलगी खोळंबली असेल बिचारी."

"टाकतो," विमेवाले म्हणाले.

"अहो, त्या नाही! त्यात हे आहेत ना. आपल्या ग्रुपवर."

मी भिंतीला हात टेकला. एकशे चौदा वजा एक. त्यात माझी सौ., माझी मुलगी, बहुधा फुले आणि सूर्योदयही. एकही कलम नसणार.

"मला घ्या त्यात!" मी आतून म्हणालो.

"तुम्हाला घेतलं तर तुमच्याबद्दल बोलायचं कुठे?" वरचे म्हणाले. "आटपा निवांत. दहा वाजता विमेवाल्यांची पाळी आहे, त्यांना तरी दार उघडा."

पावले जिना उतरत गेली. एक जोडी वर चढली. साबण डोळ्यांत झोंबत होता. मी चाचपडत नळ सोडला, पण या वेळी बारीक, घंटा ऐकू यावी म्हणून.